फटीतली शिट्टी

माझी शिट्टी वालूरच्या शिवारात मशहूर होती. पुढच्या दोन दातांत ज्वारीचा दाणा बसेल एवढी फट. तिथून वारा सोडला की मेंढरं चरायची थांबून माना वर करीत. एकदा चारठाण्याच्या व्यापाऱ्याला एडका विकला. संध्याकाळी सवयीनं शिट्टी मारली, तर सकाळी एडका दारात, आणि त्याच्या दोरीला लोंबकळत व्यापारीही दारात! खोटं वाटत असेल तर एडक्याला विचारा.

पण त्या शिट्टीची खरी हकदार माझी बायको, मनकर्णाबाई. लग्न झालं तेव्हा घर वडीलधाऱ्यांनी भरलेलं. बायकोला नावानं हाक मारणं म्हणजे बेशरमपणा. मग मी बांधावरून दोन आखूड, एक लांब शिट्टी मारायचो. सगळ्यांना वाटे, रायभान मेंढरं वळवतोय. मनकर्णा मात्र घागर उचलून विहिरीकडे निघे. घागर भरलेली असली, तर रांजणात ओतून निघे. पुढं वडीलधारे गेले, लेकरांची लग्नं झाली, हाक तीच राहिली.

गेल्या उन्हाळ्यात ते दोन दात गेले. गावात सांगितलं, एडक्यानं धडक मारली. खरं म्हणजे हिरड्या कधीच्या सुजलेल्या. केळं खाताना दात हातात आले.

दुसऱ्या दिवशी मेंढरांच्या वाडग्यात एक मेंढी विताना अडली. मनकर्णाला बोलवायला शिट्टी मारली, तर नुसतं फुस्स. शेवटी ओरडलो, "मनकर्णे!"

ओट्यावर शेजारची चतुराबाई बसलेली. तिचे डोळे हे एवढे झाले. मनकर्णा आली, कोकरू मोकळं केलं, पण दिवसभर माझ्याशी बोलली नाही. तोंडाला पदर लावून हिंडत राहिली. म्हटलं, गेली हिची इज्जत. आता शिट्टी परत आणल्याशिवाय ही काही बोलत नाही.

सेलूला दातांच्या डॉक्टर मंजुषाबाईंकडं गेलो.

"काका, तीन रस्ते आहेत. हाडात स्क्रू बसवून त्यावर दात..."

"स्क्रू? मी काय मोटार हाय?"

"नाहीतर शेजारचे दात घासून त्यांच्या आधारानं ब्रिज. पण तुमचे शेजारचेही हलतायत."

"शेजाऱ्यांवर आपला भरोसा न्हाईच. तिसरा सांगा."

"काढता-घालता येणारी कवळी."

कवळी झाली. आरशात बघितलं तर खुद्द नवरदेव! बांधावर जाऊन जोर लावला. फुस्स. बाईंनी दात मोत्यांसारखे चिकटून बसवले होते.

परत गेलो. "बाई, मधी फट ठिवा."

"अहो काका, लोक फट बुजवायला येतात माझ्याकडे!"

"लोकांच्या बायका नावानं येतेत. माझी शिट्टीवर येती."

बाई हसून हसून खुर्चीत बसल्या. मग माझा जत्रेतला जुना फोटो मागवला, त्यातली फट बघितली आणि तशीच नवी कवळी करून दिली.

संध्याकाळी बांधावर उभा राहिलो. दोन आखूड, एक लांब. वा! मेंढरं आली, शेळ्या आल्या, चतुराबाईची म्हैस दावं तोडून आली. मनकर्णा ओट्यावर शेंगा फोडत बसलेली. मान वर नाही. पुन्हा मारली. नाही. जवळ गेलो.

"आगं, ऐकू येईना का?"

"येतंय की. मेंढरं बोलवायलाव न्हवं?"

"तुला गं!"

"मला?" तिनं तोंडाला पदर लावला. आत्ता कळलं, पदराआड ती त्या दिवशीही हसतच होती. "मला तर नाव हाय. त्या दिशी लय ब्येस घेतलं. चतुराबाई अजून जळायलीय."

चतुराबाई म्हैस धरायला आलेली, तिथंच उभी. मी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा आभाळाकडं.

"मनकर्णे," म्हणालो. फटीमुळं नावाच्या शेपटाला बारीक शीळ लागली.

मनकर्णा उठली. सवयीनं हात घागरीकडं गेला. घागर काठोकाठ भरलेली. तिनं ती रांजणात ओतली आणि चालू लागली.

विहीर तर कधीचीच बुजलीय. तरी आम्ही गेलो.