चौथ्या डब्यातला खुनी

मामांनी आयुष्यात एकच चित्रपट काढला, तोही खुनाचा. खून डॉक्टरनेच केलाय, हे शेवटच्या रिळात कळायचं. तो तेव्हा साफ आपटला. शेवटच्या रिळापर्यंत थिएटरात पंखे तेवढे उरत. मामांनी दोष दिला प्रेक्षकांना. नाचता येईना, अंगण वाकडं!

म्हातारपणी एका फिल्म क्लबने ती जुनी प्रत मागितली आणि मामांना पालवी फुटली. "भरलेलं थिएटर दचकताना एकदा ऐकायचंय रे, बस्स," ते मला म्हणाले. पण त्याआधीच्या जांभया त्यांना बघवणार नव्हत्या. म्हणून मी आणि मामी आत बसलो, ते बाहेर बाकावर. शेवटचं रीळ लागताना मी त्यांना हाक मारायची, असं ठरलं.

मध्यंतराच्या आधीच पडद्यावर डॉक्टरला बेड्या पडल्या. अख्खं थिएटर दचकलं. 'समाप्त' अशी पाटीही आली, आणि लगेच तोच डॉक्टर हसतहसत घरच्या आजीला इंजेक्शन द्यायला हजर! तिथून पुढे कुणाची जांभई देण्याची छाती झाली नाही. त्याने नुसती बॅग उघडली तरी लोक खुर्च्या घट्ट धरत.

बाहेर जाऊन हे सांगायचा मला धीर होईना. शेवटी ठरल्याप्रमाणे हाक मारली. मामा कानामागे हात धरून उभे राहिले. पडद्यावर डॉक्टर सगळ्यांबरोबर जेवत होता. कुणी दचकलं नाही. टाळ्या मात्र प्रचंड पडल्या.

मामा तडक ऑपरेटरवर धावून गेले. "डब्यावर चार लिहिलंय, म्हणून चौथं लावलं," तो म्हणाला.

अक्षर मामांचंच होतं. वाटेत कुणी शेवटचं रीळ चोरून बघू नये म्हणून त्यांनीच त्या काळी चौथ्या आणि शेवटच्या डब्यांचे आकडे आपसांत बदलले होते. खरा क्रम ते ऐनवेळी ऑपरेटरच्या कानात सांगत. या खेपेला तेवढंच राहिलं.

"खुनी आधीच दाखवलात! काय धाडस!" क्लबचे अध्यक्ष म्हणाले. मामांनी गंभीरपणे मान डोलावली.

घरी जाताना ते भर रस्त्यात थांबले. "लोक दचकले तेव्हा आवाज कसा झाला गं?"

"अगं बाई गं!" मामीने छातीवर हात ठेवून करून दाखवलं. येणारेजाणारे वळून बघू लागले.

"पुन्हा एकदा कर," मामा म्हणाले.

मामीने पुन्हा केलं, पण त्यात आता राम उरला नव्हता.