उत्तरेकडचं पाखं

स्वयंपाकघर आणि माजघर यांच्यामधलं सरकतं दार त्या सकाळी अर्ध्यावरच अडकलं. तोकिएने खांद्याने रेटून पाहिलं, मग वर तुळईकडे नजर टाकली. दार अडकलं म्हणजे छपराला बर्फ पेलवेनासा झाला. गावात हे लहान पोरालाही कळतं.

"आजच उतरवायला हवा," ती म्हणाली. "दुपारी ऊन पडणार म्हणतायत. ऊन लागलं की तो आपणहून घसरेल, आणि घसरताना काय मला विचारणार आहे?"

"शेजारच्या गेन्साकुसानना मदतीला बोलवू या का?" सेइकिचीने विचारलं.

"ते गुडघा दाखवायला शहरात गेलेत लेकीकडे. परवा तुमच्यासमोरच सांगून गेले. तुम्ही मानसुद्धा डोलावलीत."

सेइकिचीला काही आठवेना. मान मात्र डोलावली असणार.

चाळीस वर्षं हे असंच चाललं होतं. छपरावर ती चढायची, कारण लग्नानंतर दोन हिवाळे तो चढला होता आणि दोन्ही वेळा फावडं हातात धरून समोरचा डोंगर बघत उभा राहिला होता. त्याच्याकडे खालचं काम. थोड्या थोड्या वेळाने हाक मारायची, वरून 'हो' आलं की थांबायचं, पुन्हा मारायची. ओ आली नाही तर धावायचं. छपरावर कोणी असताना खाली कोणीतरी हवंच, हा नियम गावात कोणी मोडत नसे. बर्फाखाली गेलेल्या माणसाला फार तर पाव तास मिळतो. वरच्या आळीतला एकटा राहणारा एक सुतार दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या दिवशी सापडला होता.

तोकिएने दोराचं एक टोक अंगणातल्या झाडाला बांधलं, दुसरं कमरेला. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर ती थांबली.

"अहो, इकडे बघा. आज कुठं जाऊ नका."

"इथंच आहे गं मी."

"तुम्ही इथंच असता हो. डोकं फिरायला जातं तुमचं."

दक्षिणेकडचं पाखं तिने तासाभरात मोकळं केलं. बर्फाच्या चौकोनी लाद्या कापायची आणि खाली ढकलायची. धप्प. "तोकिए!" "हो!" धप्प. तो नीट लक्ष देत होता. मग ती आढं ओलांडून पलीकडे गेली, दिसेनाशी झाली. तिचा आवाज तेवढा आला.

"दोर पुरत नाही इकडे! सोडतेय! लक्ष ठेवा!"

"ठेवतो!"

ते त्याने मनापासून म्हटलं होतं.

धप्प. थोड्या वेळाने पुन्हा धप्प. घरापलीकडून येणारा तो आवाज मऊ होता, गोदीत तांदळाची पोती उतरवावीत तसा. सेइकिचीने आयुष्यात तीनदा समुद्र पाहिला होता, पण बंदर कसं असतं ते त्याला पक्कं माहीत होतं. धक्क्याला काळं जहाज लागलं होतं. हमाल पोती टाकत टाकत डावीकडे सरकत होते, गोदामांच्या रांगेच्या कडेने. शेवटचं गोदाम पत्र्याचं होतं; तिथे पोतं पडलं की पत्रा घणघणायचा. मग एक भलंमोठं ओझं सुटलं, सगळा धक्का हलला, लांबलचक सुस्कारा ऐकू आला, आणि हमाल जेवायला निघून गेले. बंदर शांत झालं. ती शांतता त्याला फार आवडली.

मग ती शांतता त्याच्या अंगणातली झाली.

"तोकिए!"

ओ आली नाही.

तो घराला वळसा घालून धावला. गुडघाभर बर्फात दोनदा पडला. उत्तरेकडचं पाखं उघडं, ओलं, चकाकत होतं. त्याच्याखाली घराच्या लांबीएवढा ढीग छातीपर्यंत उभा होता. फावडं नाही, टोपी नाही, माणूस नाही.

दिसेल तिथे त्याने खोरं मारायला सुरुवात केली. सात-आठ घाव झाल्यावर हात थांबले. ढीग वीस पावलं लांब होता. चुकीच्या जागी खणत राहिला तर पाव तास इथेच संपला असता, आणि त्यातला किती आधीच संपला होता हे त्याला माहीत नव्हतं.

तो उभा राहिला. बायको बर्फाखाली असताना त्याने डोळे मिटले. या क्षणी कोणी त्याला पाहिलं असतं तर जन्मभर तोंडावर थुंकलं असतं.

जहाज. पोती. हमाल डावीकडे सरकत होते. पत्रा. शेवटची तीन पोती पत्र्याशी पडली होती.

घराच्या त्या टोकाला लागून असलेल्या लाकडांच्या खोपटावर पत्रा होता.

तो खोपटाकडे धावला. वरून खणायचं नाही, बाजूने; वरून खणलं तर आपलंच वजन खालच्यावर पडतं, हे तिनेच त्याला शिकवलं होतं. खोरं जड लागू लागलं. बर्फ ओला होता, दगडासारखा. एकदा खोरं कशात तरी अडकलं. ती मोळीची दोरी निघाली. पुन्हा खणलं. मग रबरी बूट दिसला.

बुटावरून त्याने अंदाज बांधला आणि तोंडाच्या बाजूला हातांनी उकरू लागला. कपाळ. नाक. ओठ जांभळे पडले होते. त्याने तिच्या तोंडातला बर्फ बोटाने काढला.

"तोकिए." काही नाही. "तोकिए!"

तिसऱ्या हाकेला ती खोकली. मग श्वास आला, करवतीसारखा घासत.

बराच वेळ ती नुसती श्वास घेत राहिली. तो तिच्या गालांवर तळवे धरून बसला होता. तळवेही थंडच होते.

"किती वेळ झाला?" तिने विचारलं.

पाच मिनिटं, असं म्हणता आलं असतं. "माहीत नाही," तो म्हणाला.

"पाय रुतला होता माझा. बर्फ सुटायच्या आधी हाक मारली मी. तीनदा."

सेइकिची तिच्या केसांतला बर्फ झाडत राहिला.

"कुठं होतात?"

"बंदरावर."

तिने डोळे मिटले. पापण्यांवर बर्फाचे कण होते.

"मी होते का तिथं?"

"नव्हतीस."

आता ती रडेल किंवा शिवी देईल असं त्याला वाटलं. दोन्हींपैकी काहीही त्याने मुकाट्याने घेतलं असतं. तिने फक्त मान वळवली, खोपटाच्या बाजूला, जिथे तिचा उजवा हात अजून बर्फात होता.

"हा सोडवा आधी," ती म्हणाली. "हळू. मोडलाय बहुतेक. आणि खोरं वापरू नका."

त्याने खोरं दूर टाकलं, हातमोजे काढले, आणि कोपरापासून खाली एकेक चिमूट बर्फ काढू लागला. वरच्या छपरावरून पाण्याचे थेंब त्याच्या मानेवर पडत होते. त्याने वर पाहिलं नाही.