राहीने सोनीला सांगितलं होतं

राहीने आत्महत्या केली, ही बातमी सोमवारी पहिल्या पाळीला पॅकिंग खात्यात आली. अंबरनाथच्या एमआयडीसीतला तो औषधाच्या गोळ्यांचा कारखाना. साल ब्याण्णव. वेणू आणि राही अकरा वर्षं एकाच टेबलावर समोरासमोर बसून गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यात भरत होत्या. डबाही एकत्रच खायच्या. चौदा एप्रिलला वेणू जेवायला राहीच्याच घरी, बेलवलीला जायची. म्हणून खात्यातल्या बायका आता आपल्याजवळ येऊन बसतील, असं तिला वाटलं.

त्या बसल्या सोनीजवळ. सोनीला कामाला लागून आठ महिने झाले होते.

तिसऱ्या दिवशी वेल्फेअर ऑफिसर साळवीबाईंनी मशिनी थांबवून सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बोलावलं.

“यात कोणाचाही दोष नाही,” त्या म्हणाल्या. “राही मनाने आजारी होती. कोणाला झोप येत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर सरळ माझ्याकडे या. बोललेलं बाहेर जाणार नाही. जूनमध्ये सोनीच राहीला माझ्याकडे घेऊन आली होती. डॉक्टरांचे उपचारही सुरू केले होते. सोनीने चांगलंच केलं.”

वेणूचा चहा हातातच राहिला. जूनमध्ये राही तिच्याशी भाचीच्या लग्नाच्या गोष्टी करत होती. अकरा वर्षांत ती आपल्याला जे बोलली नाही, ते या कालच्या पोरीला बोलली. रडू येण्याआधी वेणूच्या अंगाची आग झाली.

मग रोज तेच. जी ती सोनीच्या पाठीवरून हात फिरवायची, तिला आपल्या डब्यातलं द्यायची. शुक्रवारी वेणू सगळ्यांसमोर बोलून गेली, “आठ महिन्यांची ओळख आणि रडतेय सख्ख्या बहिणीसारखी. मिरवायला मिळालं ना.”

शनिवारी सोनी कामावर आली नाही. सोमवारीही नाही.

साळवीबाईंनी वेणूला बोलावलं. रागावल्या नाहीत, समोर बसवून नुसतं विचारलं, “काय झालं?”

“हेवा वाटला, बाई,” वेणू म्हणाली. “मेलेल्या माणसावरून हेवा करतेय मी. मला का नाही सांगितलं तिने?”

“मला माहीत नाही,” साळवीबाई म्हणाल्या. “ते आता कोणालाच कळणार नाही. पण सोनी एकटी आहे घरी. तिची मला काळजी वाटते.”

सुटी झाल्यावर वेणू कात्रपला सोनीच्या घरी गेली. सोनीनेच दार उघडलं. डोळे सुजलेले होते. वेणू उभ्या उभ्याच म्हणाली, “मी वाईट बोलले. माझं चुकलं.”

“खरंच बोललात, ताई,” सोनी म्हणाली. “मिरवल्यासारखंच झालंय माझं. जो तो विचारतो, राही काय म्हणाली, शेवटी काय बोलली. सांगून सांगून मला वाटायला लागलंय, मीच कुठे कमी पडले. तुम्हाला कोणी काही विचारत नाही. मला तुमचा हेवा वाटतो.”

वेणू तिच्याजवळ खाली बसली. या पोरीच्या वाटणीला काय आलंय, ते तिला आत्ता कळलं. तरी विचारल्यावाचून राहवेना. “माझ्याबद्दल कधी काही बोलली?”

“वेणूपुढे मला हसता येतं, म्हणायची. तेवढं एक राहू दे, म्हणायची.”

वेणू तेव्हा रडली. पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी तिने सोनीला सोबत आणलं आणि आपल्या टेबलावर बसवलं. आधी दोघी साळवीबाईंकडे गेल्या. सोनीने दर बुधवारी त्यांच्याशी बोलायचं ठरलं. वेणूने आपलंही नाव त्यात घालायला सांगितलं. दुपारी शेजारच्या खात्यातली कौसाबाई येऊन सोनीला विचारू लागली, “शेवटी काय गं म्हणाली ती?”

“तिला नका विचारू,” वेणू म्हणाली. “राहीबद्दल ऐकायचं तर मला विचारा.” आणि तिने राहीची कारखान्यातली पहिली दिवाळी सांगितली. सुपरवायझरला बेसनाचा म्हणून हळदीचा लाडू खायला घातला होता, ती. कौसाबाई हसली, सोनीही थोडी हसली.

सोनीला माहीत असलेली राही आपल्याला माहीत नाही, हे वेणूला पुढेही बोचत राहिलं. पण डबा मात्र दोघी एकत्रच खाऊ लागल्या.