एकशे बाराव्या पानानंतर

"स्वेटर लाल होता, त्यामुळे झालं का?"

काउंटरपलीकडून फक्त दोन वेण्या आणि एक वही दिसत होती. वाचनालयाच्या बालविभागाचे ग्रंथपाल चष्मा पुसून पुढे वाकले. मुलं त्यांना शूःकाका म्हणत, कारण गेली तीस वर्षं त्यांचं निम्मं बोलणं या एकाच अक्षरात उरकायचं.

"काय झालं, बाळ?"

"आमचा बटण गेला. कुत्रा." तिनं वही पुढे सरकवली. "पुस्तकातल्या मुलानं जे जे केलं ते सगळं मी केलं. चमच्यानं दूध पाजलं. कानात गोष्ट सांगितली. स्वतःचा स्वेटर पांघरला. बघा, खुणा केल्यात. फक्त त्याचा स्वेटर निळा होता, माझा लाल. त्याचा कुत्रा बरा झाला. आई म्हणते, वेडी आहेस का. पण माझं काहीतरी चुकलंच असणार ना?"

ती कादंबरी शूःकाकांना पाठ होती. एक मुलगा, एक लंगडा कुत्रा. कुत्रा आजारी पडतो आणि एकशे बाराव्या पानावर शेपूट हलवतो. संपलं. म्हणजे या वाचनालयापुरतं संपलं. लेखकानं एकशे वीस पानं लिहिली होती; शेवटची आठ त्यानं निव्वळ आगाऊपणानं लिहिली, असं शूःकाकांचं मत होतं.

बावीस वर्षांपूर्वी त्यांच्या लेकीनं ती वाचली आणि तीन दिवस ताटाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी काकांनी ब्लेड घेतलं आणि पुढचं सगळं इतक्या सफाईनं कापलं की शिवणीलाही पत्ता लागला नाही. चौथ्या दिवशी लेक आपली आपण जेवली. पण तोवर कुत्रा अमर झाला होता. पुढे काय झालं, असं कुणी विचारलंच तर काका सांगत, "पुढे दोघं म्हातारे झाले." पोरं खूश होऊन घरी जात. आपल्या हातून साहित्याची एवढी एक सेवा झाली, असं काकांना मनापासून वाटे.

डोक्यामागे त्यांच्याच वळणदार अक्षरातली पाटी होती: 'पुस्तकाचे पान फाडणाऱ्याचे सभासदत्व रद्द केले जाईल.' फाडणं दूरच, राजाच्या चित्राला नुसता चष्मा काढला म्हणून एका पोराला त्यांनी महिनाभर दाराबाहेर ठेवलं होतं.

"काका, सांगा ना. लाल चालत नाही का?"

शेवटची पानं उंदरांनी खाल्ली, बाइंडिंगवाल्यानं हरवली. दोन्ही थापा जिभेवर तयार होत्या. काकांनी त्या गिळल्या आणि खणाच्या तळातून एक पाकीट काढलं. पानं कापणं जमलं होतं, टाकून देणं जमलं नव्हतं. शेवटी माणूस ग्रंथपाल.

"हे त्याच पुस्तकातलं. मी कापलं होतं."

"तुम्ही?" तिनं पाटीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

ती उभ्या उभ्याच वाचू लागली, ओठ हलवत. शूःकाका आपल्या चपलांचे अंगठे न्याहाळत राहिले.

"म्हणजे त्याचापण गेला?"

"गेला."

"निळा स्वेटर असून?"

"असून."

शेवटच्या पानावर ती अडखळली आणि मग मोठ्यानं वाचू लागली, "'तुझं काही चुकलं नाही रे,' डॉक्टर म्हणाले. 'त्याचं वय झालं होतं.'"

काकांनी चमकून वर पाहिलं. हे वाक्य त्यांनी कधी वाचलंच नव्हतं. कुत्रा गेला त्या ओळीवरच त्यांनी पुस्तक मिटलं होतं. लेकीनं मात्र शेवटपर्यंत वाचलं होतं.

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

सवयीनं काकांचं बोट ओठांवर गेलं. मग त्यांनी ते खाली घेतलं. "मला रडू आलं होतं. पुढे वाचवेना."

तिनं वहीतल्या लाल स्वेटरवर काट मारली. "मग आता तुमचं सभासदत्व रद्द?" चेष्टा नव्हती, तिला नियम नीट समजून घ्यायचा होता.

"व्हायला हवं," काका म्हणाले.

तिनं डिंकाची बाटली धरली, काकांनी पट्टी. पानं चिकटली. पुस्तक मिटून काउंटरवर ठेवलं, तेव्हा त्याची कड बावीस वर्षांच्या बोटांनी मळून तपकिरी झालेली दिसली. शेवटी तेवढी एक बारीक पांढरी रेघ होती. लेकीनंतर आजपर्यंत त्या पानांना एकाही मुलाचं बोट लागलेलं नव्हतं.