मांजरा कुणीकडं जाते

अयोध्याने मातीच्या डोंगरावर तांब्या तिरका केला आणि हात तसाच थांबवला. टँकरच्या पाण्यातला हा एक तांब्या तिने घरून आणला होता. दुसरा मिळणार नव्हता.

"आधी सांगा. आपली मांजरा नदी कुणीकडं जाईल?"

चौथीच्या अकरा मुलांनी एकदम मावळतीकडे हात केले.

ती गडबडली. भूगोल घेऊन बी.ए. झालेली ती सकाळभर खपून शाळेच्या अंगणात बालाघाट उभा करत होती. पाटोदा गावाच्या जागी खापरी ठेवली होती, उतार उगवतीला दिला होता. पायरीवर तिची दीड वर्षांची लेक उरलेली माती चाखत बसली होती. तिच्यावरही एक डोळा ठेवायचा होता.

"तिकडं का बरं?"

"तिकडं ऊस हाय ना बाई," मुक्ता म्हणाली. "कारखान्याकडं लई पाणी असतंय. इथलं तिकडं जातंय, म्हणून तर इथं न्हाई."

कुणी हसलं नाही. सगळ्यांना ते पटलेलं होतं.

कुंपणाशी मुक्ताची आई बायडाबाई येऊन उभी होती. कडेवर तान्हं, हातात बोचकं. वेशीत ट्रॅक्टर लागला होता. ऊसतोडीची टोळी निघाली होती. मुक्ताला सोबत न्यायचं की शाळेच्या हंगामी वसतिगृहात ठेवायचं, हे चार दिवस ठरत नव्हतं. गेल्या साली मुक्ता परतली ती जोडाक्षरं विसरून. तेव्हापासून ट्रॅक्टरचा आवाज आला की अयोध्या आधी वर्गातली डोकी मोजायची.

"चल गं. बाप खोळंबलाय."

"अक्का, एवढं पाणी ओतू द्या. पाचच मिनिटं."

"पाच मिन्टात नदी आणता व्हय बाई?" बायडाबाई हसली, पण थांबली.

अयोध्याने तांब्या उपडा केला. पाणी घळीतून उतरलं, खापरीला वळसा घालून उगवतीकडे पळालं. उकिडवी बसलेली मुलं त्याच्यामागे सरकत गेली.

मुक्ताने पाण्याकडे पाहिलं, मग वेशीकडे.

"म्हंजी आमी पाण्याच्या उलटं जातो?"

बायडाबाई कुंपणाच्या आत आली. त्या ओल्या रेघेकडे बघत राहिली. वेशीतून हॉर्न वाजला.

"आले, आले! पळून न्हाई चालले!" ती ओरडली. मग बोचकं सोडून मुक्ताचे दोन झगे काढले आणि पायरीवर ठेवले. "ऱ्हाऊ द्या हिला. घरातल्या एकीला तरी कळू द्या, कुनीकडं काय जातंय. आन् तू गं, रडायचं न्हाई."

तान्ह्याला पाठीशी बांधून ती झपाझप निघून गेली.

कुणाचं मन बदलायच्या आत अयोध्याने वसतिगृहाच्या यादीत नाव लिहून टाकलं. घाईने लिहिलेलं अक्षर वाकडं आलं, तरी तिला हसू फुटलं.

ट्रॅक्टरचा आवाज दूर गेला. मुक्ता रडली नाही. झगे छातीशी धरून उभी राहिली.

"बाई, उसाच्या फडात बाळाजवळ मी बसनार व्हते. आता कोण बसंल?"

अयोध्याने पायरीवरून लेकीला उचललं आणि तिने कुरकुर करेपर्यंत घट्ट धरून ठेवलं. मावळतीकडची धूळ अजून खाली बसली नव्हती.