अर्ध्या तासानं येणारा आवाज

माझा थोरला भाऊ गिटार वाजवतो आणि त्याच्या मते त्याच्या ॲम्प्लिफायरला, म्हणजे ॲम्पला, रोज अर्धा तास पिकू द्यावं लागतं. त्याआधी त्यातून खरा आवाज येतच नाही म्हणे. मी ॲम्प दुरुस्त करते, तेवीस वर्षं झाली. आतला काचेचा व्हॉल्व्ह दोन मिनिटांत तापतो, पुढं त्यात काही पिकत नाही, हे मी दादाला इतक्यांदा सांगितलंय की मलाच वीट आलाय. पालथ्या घड्यावर पाणी.

तो ज्या हॉटेलात वाजवतो त्यांनी स्टेज नवं केलं. एक तारखेपासून स्टेजवर ॲम्प ठेवायचा नाही, वादकांनी त्याऐवजी पायाशी ठेवायचं डबीएवढं पेडल आणावं, वायर थेट साउंडवाल्याकडं जाईल, असा निरोप आला. ॲम्प ओंगळ दिसतो अशी मॅनेजरची जुनी तक्रार होती. इतके दिवस तो जाड पडद्यामागं लपवून भागत होतं. दादा म्हणाला, "माझा आवाज त्या डबीत आला तर जाईन. नाहीतर गिटार विकून मोकळा होतो." दादा बावन्न वर्षांचा आहे. वहिनी गेल्यापासून तो जे काही बोलतो ते त्या सहा तारांवर. त्या तारा गेल्या तर तो नुसता बसून राहील, याची मला भीती वाटत होती. आणि भीती वाटली की मी चिडते.

म्हणून रविवारी सकाळी मी पेडल घेऊन त्याच्या घरी गेले. पेडलची करामत तशी साधी आहे. ते ॲम्पमधून आपले चित्रविचित्र आवाज सोडतं, समोरच्या माइकमधून काय आलं ते ऐकतं आणि ॲम्प काय करतो ते घोकून पाठ करतं. मग ॲम्पची गरज उरत नाही. नक्कल किती जुळली ते मोबाइलवरचं ॲप आकड्यात सांगतं.

बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते, गुडघ्यांवर त्यांची जुनी रजई. बाबा एक्क्याऐंशीचे, पेशानं शिंपी. त्या रजईला एका बाजूला वीतभर चौकोनी खिडकी आहे, कडेनं व्यवस्थित गोट मारलेली. कधीतरी इस्त्रीनं जळाली असेल आणि बाबांनी तेवढा भाग कापून सावरला असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. त्यांचा एक गुडघा कायम त्या खिडकीतून बाहेर डोकावतो. नवी रजई आणली तर हात लावत नाहीत.

दादा आणि बाबा एकमेकांशी कामापुरतं बोलतात. दादा बाविशीत रोज संध्याकाळी भिंतीकडं तोंड करून वाजवायला बसायचा. बाबा दुकानातून आले की एक शब्द न बोलता ॲम्पवर रजई टाकायचे आणि आत जायचे. दादा मागं वळूनही बघायचा नाही. हा अपमान त्यानं तीस वर्षं जिवापाड जपलाय.

पेडलनं तीन मिनिटं ॲम्पला कोकलायला लावलं. आकडा आला नव्याण्णव पूर्णांक सहा. दादानं गिटार पेडलला जोडली, चार सूर वाजवले आणि म्हणाला, "हा नाही."

"नव्याण्णव पूर्णांक सहा टक्के आहे."

"उरलेल्यात होता तो."

मग त्याच्या समाधानासाठी ॲम्प अर्धा तास तापवून पुन्हा केलं. नव्याण्णव पूर्णांक सात. "हाही नाही," दादा म्हणाला. मी म्हटलं, "आता तुझ्या कानांचीच नक्कल काढू का?" तो चिडला नाही. त्यानं गिटार पेटीत ठेवली, झाकण लावलं आणि एकेक खटका शांतपणे बंद केला.

"रजई टाका," कोपऱ्यातून बाबा म्हणाले.

"बाबा, निदान आज तरी नको," दादा म्हणाला.

बाबा उठले. गुडघ्यांवरची रजई त्यांनी ॲम्पवर पांघरली, चारही टोकं ओढून सारखी केली. चौकोनी खिडकी ॲम्पच्या मागच्या जाळीवर नेमकी बसली. आत व्हॉल्व्ह लाल दिसत होते.

"मागं उघडं लागतं," बाबा मला म्हणाले. "नाहीतर तापतो. पहिल्या दिवशी माझा हात पोळला होता."

मी माइक रजईबाहेर ठेवला आणि तिसऱ्यांदा केलं. या वेळी आकडा अठ्ठ्याण्णवावर घसरला. दादानं पेटी उघडली आणि एकच सूर छेडला. तो विरेपर्यंत कान लावून ऐकला.

"हाच," तो म्हणाला.

हॉटेलातला जाड पडदा मला तेव्हा आठवला; त्यामागूनही आवाज असाच दबून यायचा. तेवीस वर्षांच्या अनुभवाचं मी काय लोणचं घालू?

"तू वाजवायला किती वाजता बसायचास?" मी विचारलं.

"सहाला."

"आणि बाबा यायचे कधी?"

साडेसहाला यायचे, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तो रजईच्या गोटाकडं बघत होता. बारीक, एकसारखे टाके होते, बाबा गिऱ्हाइकाच्या कोटाला घालत तसे.

"तुम्हाला आवडत नव्हतं ना?" त्यानं विचारलं.

"शेजारी तक्रार करायचे," बाबा म्हणाले. "पोराला बंद करायला सांगा म्हणायचे."

"मग?"

"मग काय? मला तुला बंद कर म्हणायचं नव्हतं." बाबा पुन्हा खुर्चीत बसले. "झालं असेल तर रजई द्या. गुडघे गार पडलेत."

दादानं रजई काढली आणि स्वतः त्यांच्या पायांवर घातली. खिडकी गुडघ्यावर येऊ नये म्हणून ती फिरवून घेतली. मग तो गिटार घेऊन बसला, या वेळी भिंतीकडं पाठ करून.

"वाजवू का?" त्यानं विचारलं.

बाबा म्हणाले, "कधी नको म्हटलंय?"