उंबऱ्याबाहेर राहिलेले शब्द

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी आईने दोनशे आठ शब्द बोलून दिले. घशातली गाठ निघणार होती आणि तिच्यासोबत आवाजही, कायमचा. मी लिहिलेला प्रोग्राम तळहाताएवढ्या यंत्रावर चालू होता. ती बोलायची, ते जपून ठेवायचं. पाणी. दुखतंय. खिडकी उघड. थोरला भाऊ उशाशी बसून म्हणाला, यादीत एकही शिवी नाही, मग आई माझ्याशी बोलणार कशी? आई हसली. ते हसू तेवढं नोंदवायचं राहिलं.

ऑपरेशननंतर नवव्या दिवशी मी यंत्र तिच्या मांडीवर ठेवलं. पडद्यावर शब्दांची बटणं उमटायला हवी होती. पडदा पांढराफटक. 'आवाज' नावाचा फोल्डर उघडला. रिकामा.

आईने बोलण्याऐवजी लिहायला दिलेली पाटी उचलली, काही न लिहिता खाली ठेवली. दादाने हळूच विचारलं, दुसरी प्रत? नव्हती.

"घरी लॅपटॉपवर चालत होतं गं," मी म्हटलं, आणि माझं मलाच ते खोटं वाटलं.

तिथेच स्टुलावर बसून एकेक ओळ तपासली. फोल्डरचं नाव, मग तिरकी रेघ, मग फाइलचं नाव, असा पत्ता मी हाताने जोडला होता. डावीकडे कललेली ती रेघ माझ्या लॅपटॉपला उंबरा वाटते, ओलांडला की फोल्डरच्या आत. या यंत्राची सिस्टीम निराळी, तिचा उंबरा उजवीकडे कलतो. माझी रेघ तिला नावातलं एक अक्षर वाटली.

मग शब्द गेले कुठे? फोल्डरच्या बाहेर येऊन पाहिलं. सगळे तिथेच. 'आवाज\पाणी', 'आवाज\दुखतंय', अख्खा पत्ता नाव म्हणून कपाळी मिरवत, दाराशी ताटकळत. मोजले. दोनशे नऊ.

पुन्हा मोजले. शेवटच्याला शब्द नव्हता, नुसती वेळ होती. त्या दुपारी मी आणि दादा औषधं आणायला खाली गेलो होतो, तेव्हाची.

पत्ता जोडायचं काम मी प्रोग्रामकडेच सोपवलं, ज्या सिस्टीमवर असेल तिच्या रीतीने. शब्द आत आणले. आईने इतर बटणं ओलांडून ते बिननावाचं दाबलं.

"कार्टे, आधी जेवून घे. आणि दादाला सांग, गाढवा, यादीत नसलं तरी मला बोलता येतं."

आईने ते बटण पुन्हा दाबलं, दादाकडे बघत.